'मॅकरॉनिक' : एका विशेषणाची कुळकथा

१

साहित्यविचारातील कित्येक संज्ञांचे माहेर स्वयंपाकघर आहे. 'सटायर' या संज्ञेचे मूळ लॅटिन 'सातुरा'त आहे. नाना फळांनी भरलेले, देवापुढे ठेवायचे तबक हा तिचा प्राचीन वैयाकरणांनी सांगितलेला एक अर्थ होय. 'फार्स'च्या मुळाशी सारण भरण्याची क्रिया आहे. प्रहसन या अर्थाला पोचण्यापूर्वी हा शब्द मध्ययुगीन चर्चमध्ये लॅटिन उपासनापाठात मधूनमधून भरलेल्या मजकुराला लावला जाई, आणि हा भरलेला मजकूर काही वेळा देशी भाषेतलाही असे. 'पास्तिश' हा तर इटालियन 'पास्तिच्चो'चा, म्हणजे नाना जिन्नस पिठाच्या आवरणात एकत्र भाजून केलेल्या पदार्थाचा, सरळ वंशज. याच पंगतीत बसणारे, परंतु तुलनेने अपरिचित असे इंग्रजीतील एक विशेषण म्हणजे 'मॅकरॉनिक'.

इंग्रजी कोश या विशेषणाचे सामान्यतः दोन अर्थ देतात. एक काटेकोर : ज्या विनोदी पद्यात देशी भाषेतील शब्दांना लॅटिन प्रत्यय जोडून ते लॅटिन छंदात आणि लॅटिन वाक्यरचनेत बसवलेले असतात, ते पद्य. दुसरा सैल : ज्या रचनेत दोन किंवा अधिक भाषांचे मिश्रण आहे, अशी कोणतीही रचना. समीक्षेत आज बहुधा दुसराच अर्थ चालतो. मध्ययुगीन भक्तिगीतांपासून विसाव्या शतकातील आधुनिकतावादी काव्यापर्यंत कशालाही हे विशेषण लावलेले आढळते. पहिल्या अर्थाकडून दुसऱ्याकडे होणारा हा प्रवास वरवर पाहता साधा अर्थविस्तार वाटतो. प्रत्यक्षात या विस्तारात त्या संज्ञेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट गळून पडली आहे. ती कोणती, याचा शोध घ्यायचा तर संज्ञेच्या जन्मस्थानी, पंधराव्या शतकाच्या अखेरच्या उत्तर इटलीत, जाणे आवश्यक आहे.

२

पादुआ हे विद्यापीठाचे गाव. तेथील तिफी ओदासी (मृत्यू १४९२) याने 'माकारोनेआ' नावाचे पद्य रचले. एका औषधविक्याची टवाळखोरांनी केलेली फजिती हा त्याचा विषय. विषय गल्लीतला, पात्रे गल्लीतली, शब्दही पुष्कळसे गल्लीतलेच. छंद मात्र व्हर्जिलच्या महाकाव्याचा, षट्पदी. ज्या गावात विद्यार्थी वर्गात लॅटिन ऐकत, लॅटिनमध्ये वाद घालत आणि रस्त्यावर येताच बोलीत भांडत, त्या गावात हा प्रकार उगम पावला हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

हा काळ लॅटिनच्या शुद्धीकरणाचाही होता. मानवतावादी विद्वानांनी मध्ययुगीन लॅटिन भ्रष्ट ठरवून प्राचीन लेखकांच्या, विशेषतः सिसेरोच्या, भाषेचा आदर्श पुढे ठेवला होता. लॅटिन चुकणे हे आता केवळ अज्ञान उरले नाही, तो हीन संस्कृतीचा पुरावा ठरू लागला. लोरेंझो वाल्ला आणि पोज्जो ब्राच्चोलिनी यांच्यात १४५०च्या दशकाच्या आरंभी झालेल्या वादात वाल्लाने एक संवाद लिहिला. त्यात ग्वारिनो या विद्वानाचा स्वयंपाकी आणि मोतद्दार पोज्जोचे लॅटिन तपासून त्याच्या चुका काढतात. पोज्जोचे लॅटिन स्वयंपाक्याच्याही लायकीचे नाही, असा त्यातील टोमणा. पुढे युरोपीय भाषांत 'स्वयंपाकघरातले लॅटिन' हा वाक्प्रयोग अशुद्ध लॅटिनसाठी रूढ झाला.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. स्वयंपाकघरातले लॅटिन अज्ञानातून जन्मते. मॅकरॉनिक लॅटिन ज्ञानातून. पहिल्यात बोलणाऱ्याला नियम ठाऊक नसतो. दुसऱ्यात नियम इतका पक्का ठाऊक असतो की कोणताही रांगडा शब्द त्यात अचूक चालवता येतो. मराठी वाचकाला याची कल्पना यावी म्हणून, केवळ उदाहरणादाखल, संस्कृतच्या धर्तीवर एक ओळ रचून पाहता येईल : 'पिठलं भाकरीभिश्च ठेचेन सह भुज्यते'. अनुष्टुभाचे लघुगुरू जागच्या जागी आहेत, संधी नियमाप्रमाणे झाला आहे, 'सह'च्या योगाने तृतीया आली आहे, कर्मणी प्रयोगही बिनचूक आहे. आणि तरीही ती ओळ संस्कृत नाही. ज्याला संस्कृत येत नाही त्याला या ओळीतील गंमत कळणार नाही आणि ज्याने पिठले-भाकरी कधी खाल्ली नाही त्यालाही ती कळणार नाही. मॅकरॉनिक रचनेचा वाचक दोन्ही घरचा असावा लागतो. तिचे व्यवच्छेदक लक्षण भाषांचे मिश्रण हे नव्हे. प्रतिष्ठित भाषेचे व्याकरण आणि अप्रतिष्ठित भाषेचा शब्दसंग्रह यांना जाणूनबुजून एका दाव्याला बांधणे, हे ते लक्षण होय.

३

या प्रकाराला पूर्णत्व आणि सिद्धांत दोन्ही दिले ते तेओफिलो फोलेंगो (१४९१-१५४४) याने. मांतुआ येथे जन्मलेला हा बेनेडिक्टाइन संन्यासी 'मेर्लिन कोकाई' या टोपणनावाने लिहीत असे. त्याचे मुख्य काव्य 'बाल्दुस'. त्याची पहिली आवृत्ती १५१७ साली व्हेनिस येथे निघाली तेव्हा त्यात १७ सर्ग होते. १५२१ सालच्या तोस्कोलानो आवृत्तीत ते २५ झाले. १५३०च्या दशकात तिसरी आणि लेखकाच्या मृत्यूनंतर, १५५२ मध्ये, चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली. प्रत्येक आवृत्तीत भाषा नव्याने घासलेली आहे. ज्या कलेला तिचा कर्ता स्वतःच रांगडी म्हणतो, तिच्यासाठी त्याने उभे आयुष्य वेचावे, यातच तिच्या रांगडेपणाचे स्वरूप उघड होते.

१५२१च्या आवृत्तीला जोडलेल्या समर्थनात फोलेंगोने संज्ञेची व्युत्पत्ती सांगितली आहे. ही कला 'माकारोनी' या पदार्थावरून ओळखली जाते. हा पदार्थ पीठ, चीज आणि लोणी यांचा, जाडाभरडा आणि गावंढळ असतो. म्हणून या काव्यातही जाडेपणा, रांगडेपणा आणि गावंढळ शब्द असलेच पाहिजेत, असा त्याचा आशय. येथील माकारोनी म्हणजे आज बाजारात मिळणाऱ्या पोकळ नळ्या नव्हेत. ते पिठाचे उकडलेले गोळे होते. इटालियनमध्ये याच शब्दाचा मठ्ठ माणूस असाही अर्थ आहे. म्हणजे पदार्थ शेतकऱ्याचा आणि शिवीही त्याच्याच वाट्याची. फोलेंगोने ती शिवी आपल्या कलेचे नाव म्हणून मिरवली, ही घटना या संज्ञेच्या इतिहासात निर्णायक आहे.

'बाल्दुस'च्या आरंभी अपोलो आणि पार्नासस पर्वतावरील देवतांना कवी रजा देतो. त्याच्या काव्यदेवता लठ्ठ आहेत, किसलेल्या चीजच्या डोंगरावर राहतात आणि कवीला माकारोनी भरवतात. या डोंगराचा पूर्वज बोकाच्चोच्या 'डेकॅमेरॉन'मधील भोळ्या कालांद्रिनोला सांगितलेल्या खाऊच्या देशात सापडतो. तेथे तो एका थापेचा भाग होता. फोलेंगोने त्याला काव्याचे अधिष्ठान केले. कथेचा नायक बाल्दुस हा शार्लमेनच्या वीरांपैकी रिनाल्दोच्या वंशातला. पण वाढतो चिपादा या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी. हे खेडे व्हर्जिलच्या जन्मगावाच्या शेजारचे, त्याच्याशी जणू स्पर्धा करणारे. महाकवीचा छंद घेऊन त्याच्याच शिवेवर हे दुसरे महाकाव्य उभे राहते.

काव्याचा शेवटही तितकाच अर्थपूर्ण आहे. नरकयात्रा करीत नायक आणि त्याचे सोबती एका प्रचंड भोपळ्यापाशी येतात. असत्य बोलून पोट भरणारे कवी आणि ज्योतिषी त्यात कोंडलेले असून त्यांच्या प्रत्येक खोट्या बोलासाठी एकेक दात उपटला जातो. मेर्लिन कोकाई आपल्या नायकाचा तेथेच निरोप घेतो, कारण हा भोपळाच कवी म्हणून आपले खरे घर आहे हे तो ओळखतो. जो उपहास त्याने विद्वत्तेवर रोखला होता तो अखेर स्वतःवर वळतो.

फोलेंगोची भाषिक भूमिका समजण्यासाठी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. पिएत्रो बेम्बोने १५२५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चौदाव्या शतकातील पेत्रार्क आणि बोकाच्चो यांची तस्कन भाषा इटालियन वाङ्मयभाषेचा आदर्श ठरवली. सिसेरोवादाचाही तो खंदा पुरस्कर्ता होता. म्हणजे लॅटिनमध्ये एक शुद्धी आणि देशी भाषेत दुसरी. मांतुआ आणि आसपासच्या बोलींतील शब्द वापरणाऱ्या फोलेंगोला दोन्ही दरवाजे बंद होते. त्याने बोलीला देशी वाङ्मयभाषेच्या मागच्या दाराने आत आणण्याचा प्रयत्न केला नाही. तिला थेट लॅटिनच्या दिवाणखान्यात, लॅटिनचाच पोशाख चढवून, आणून बसवले.

फोलेंगोचा सर्वांत मोठा वाचक फ्रान्समध्ये निघाला. राब्लेने 'पांताग्रुएल'मध्ये मेर्लिन कोकाईचा नावाने निर्देश केला आहे, आणि पान्युर्जच्या मेंढ्यांचा सुप्रसिद्ध प्रसंग त्याने 'बाल्दुस'वरून घेतला आहे. इटलीत मात्र विशेषणाचे अवमूल्यन झाले. आजच्या इटालियनमध्ये एखाद्याचे इंग्रजी 'माक्केरोनिको' आहे असे म्हणणे म्हणजे त्याला ते मोडकेतोडके येते असे म्हणणे. ज्ञानाची कसोटी पाहणाऱ्या कलेचे नाव अज्ञानाला चिकटले, आणि वाल्लाच्या स्वयंपाक्याने जणू फोलेंगोवर सूड उगवला.

४

इंग्रजीत हे विशेषण सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रेंचमार्गे आलेले दिसते. रँडल कॉटग्रेव्हच्या १६११च्या फ्रेंच-इंग्रजी कोशात त्याला गोंधळ, सरमिसळ असा अर्थ दिला आहे. इंग्लंडच्या उंबरठ्यावरच त्याचा काटेकोर अर्थ सैल झाला होता. तरीही ब्रिटनमध्ये मूळ अर्थाची रचना झालीच नाही असे नाही. विल्यम ड्रमंड याच्या नावावर असलेली 'पोलेमो-मिडिनिया' ही स्कॉट्स-लॅटिन कविता त्याचा उत्तम नमुना होय. युद्ध या अर्थाचा ग्रीक शब्द आणि उकिरडा या अर्थाचा स्कॉट्स शब्द यांना लॅटिन शेपूट लावून हे शीर्षक सिद्ध झाले आहे. शेणखताच्या गाड्यांच्या वाटेवरून फाइफमधील दोन शेजारघरांत जुंपलेले भांडण हा तिचा विषय. एडमंड गिब्सन या, पुढे लंडनचा बिशप झालेल्या, विद्वानाने १६९१ साली ऑक्सफर्ड येथून लॅटिन टीपांसह ती संपादित केली. उकिरड्यावरील भांडणाला अभिजात ग्रंथाची टीका जोडणे हा विनोदाचा पुढचा मजला म्हणता येईल.

याउलट जॉर्ज रगलचे 'इग्नोरेमस' हे प्रहसन केंब्रिज येथे १६१५ साली राजा पहिला जेम्स याच्यापुढे झाले. राजा ते दुसऱ्यांदा पाहण्यासाठी परत आला. वकीलवर्ग मात्र संतापला. त्यातील वकिलाची लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी यांची भेसळ ही त्याच्या धंद्याची आणि अज्ञानाची भाषा आहे. 'इग्नोरेमस' हा शब्द इंग्रजीत अज्ञ माणसासाठी रूढ झाला तो या पात्रामुळे. ड्रमंडच्या कवितेत कवी हसतो. रगलच्या प्रहसनात पात्र हसण्याजोगे ठरते. दोहोंना एकच विशेषण लावले की हा फरक झाकला जातो.

अठराव्या शतकात खुद्द पदार्थाची सामाजिक पायरी बदलली. युरोपची सहल करून आलेल्या धनिक तरुणांनी माकारोनी ही परदेशी चैन म्हणून इंग्लंडमध्ये आणली. होरेस वॉलपोलने १७६४ साली अशा तरुणांचा 'मॅकरोनी' म्हणून निर्देश केला आणि १७७०च्या दशकात उंच केसांचे टोप घालणाऱ्या या नटव्यांची व्यंगचित्रे लंडनच्या दुकानांतून झळकू लागली. शेतकऱ्याच्या अन्नाचे नाव छानछोकीचे नाव झाले. त्यानंतरच्या इंग्रजी वाचकाला 'मॅकरॉनिक' या विशेषणातील गावंढळ चव कळणे अशक्यच होते. एकोणिसाव्या शतकात विल्यम सँडिस (१८३१) आणि अमेरिकेत जेम्स अॅपल्टन मॉर्गन (१८७२) यांनी या पद्याचे संग्रह काढले. परंतु त्यांतून हा प्रकार विद्वानांच्या फुरसतीची करमणूक म्हणून पुढे येतो. इटलीत मात्र याच सुमारास फ्रांचेस्को दे सांक्तिसने आपल्या वाङ्मयेतिहासात (१८७०-७१) या काव्यप्रकाराला स्वतंत्र प्रकरण दिले.

५

विसाव्या शतकात या विशेषणाच्या दोन्ही अर्थांचे पुनर्मूल्यमापन झाले. मिखाईल बाख्तिन याने कादंबरीच्या भाषेच्या पूर्वेतिहासाविषयीच्या निबंधात, आणि पुढे १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या राब्लेविषयक ग्रंथात, मॅकरॉनिक लॅटिनचा विचार केला आहे. त्याच्या मते या उपहासाचा रोख अशिक्षितांच्या लॅटिनवर नाही. तो सिसेरोवाद्यांच्या उच्चभ्रू, शुद्ध लॅटिनवर आहे. वाक्यरचना अचूक ठेवून तिच्यात बोलीचा पूर सोडला की दोन भाषा एकमेकींकडे पाहू लागतात, आणि कोणतीही एक भाषा सत्याची एकमेव वाहक असल्याचा दावा ढासळतो. बाख्तिनच्या या विवेचनाने काटेकोर अर्थाला त्याची धार परत दिली.

सैल अर्थाच्या बाजूने महत्त्वाचे काम सीगफ्रीड वेन्झेल यांच्या १९९४च्या ग्रंथात झाले. मध्ययुगाच्या उत्तरार्धातील इंग्लंडमधील धर्मप्रवचनांत लॅटिन आणि इंग्रजी एकाच वाक्यात गुंफलेल्या आढळतात. ही भेसळ प्रवचनकाराच्या कच्च्या लॅटिनमुळे झाली असावी, अशा समजाला या अभ्यासाने आधार उरू दिला नाही. दोन्ही भाषा सहज वापरणाऱ्या सुशिक्षितांची ती स्वाभाविक भाषा होती. तेथे हसू नाही, उपहास नाही, उच्चनीचतेचा खेळ नाही. वेन्झेल यांचे निष्कर्ष मान्य करायचे तर ही प्रवचने आणि 'बाल्दुस' यांना एकच विशेषण पुरेसे नाही, असेही मान्य करावे लागते.

६

या कुळकथेचा मराठी समीक्षेशी संबंध येतो तो भाषांतराच्या प्रश्नातून. संमिश्र भाषेचे वर्णन करण्यासाठी मराठीत 'धेडगुजरी' हे विशेषण दीर्घकाळ बिनदिक्कत वापरले गेले. 'मॅकरॉनिक'साठी प्रतिशब्द शोधणाऱ्याचा हात सहज त्याकडे जातो. या शब्दाच्या पूर्वार्धात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी अवहेलनेने वापरलेले नाव आहे. वरवर पाहता दोन्ही शब्दांत साम्य दिसेल : तेथे शेतकऱ्याचे अन्न, येथे जातीचे नाव, तिरस्कार दोन्हीकडे. परंतु फोलेंगोने तिरस्काराचा शब्द स्वतःसाठी निवडला होता. 'धेडगुजरी' हा शब्द ज्यांच्या नावावर उभा आहे त्यांनी तो निवडलेला नाही. तो वरून खाली फेकलेला आहे. एक संज्ञा कवीने केलेले बंड नोंदवते, दुसरी समाजाने दिलेली शिक्षा. त्यांना परस्परांचे पर्याय मानणे म्हणजे बंडाची नोंद शिक्षेच्या वहीत करणे होय.

भारतीय काव्यविचारात वेगळ्या संज्ञा उपलब्ध आहेत. केरळातील संस्कृतमिश्रित रचनेला 'मणिप्रवाळ' हे नाव आहे आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास झालेल्या 'लीलातिलक' या ग्रंथात तिचे शास्त्र मांडले आहे. माणिक आणि पोवळे दोन्ही लाल. एका सूत्रात ओवले म्हणजे त्यांतील भेद नजरेत भरत नाही, अशी त्यामागील कल्पना. मणिप्रवाळात सांधा दिसता कामा नये. मॅकरॉनिक रचनेत तो दिसलाच पाहिजे; न दिसला तर विनोदच संपतो. म्हणून हाही पर्याय अपुरा ठरतो.

चौदाव्या शतकातच विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त विविध भाषांत केलेल्या रचनेला 'करंभक' म्हटले आहे आणि स्वतःची सोळा भाषांतील 'प्रशस्तिरत्नावली' उदाहरण म्हणून सांगितली आहे. 'करंभ' म्हणजे दह्यात कालवलेले सातूचे पीठ. ऋग्वेदात पूषन् या देवतेशी जोडलेले हे अन्न. इटलीचा आणि भारताचा कसलाही संबंध नसता दोन्हीकडे भाषामिश्रणाचे नाव पिठाच्या पदार्थावरून पडावे, हा योगायोग विलक्षण आहे. मात्र विश्वनाथाच्या संज्ञेत निंदा नाही. कालवलेले अन्न देवाला चालते, तशी कालवलेली भाषा काव्याला चालते. एकनाथांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'त मराठी आणि दखनी परस्परांशी वाद घालतात. अशा रचनांसाठी, आणि 'मॅकरॉनिक'च्या सैल अर्थासाठी, 'करंभक' ही संज्ञा योग्य आणि आपल्याच परंपरेतील आहे. काटेकोर अर्थासाठी मात्र 'मॅकरॉनिक' हेच विशेषण त्याच्या इतिहासासह स्वीकारणे इष्ट ठरेल.

या काटेकोरपणाची गरज केवळ कोशापुरती नाही. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ साली प्रसिद्ध झाला. विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेत त्यातील अनेक शब्द आपल्याला अनोळखी असल्याची प्रांजळ कबुली आहे. मुंबईच्या एका वस्तीतील मराठी, हिंदी, उर्दू यांची ती भाषा कोणत्याही प्रतिष्ठित व्याकरणाचा पोशाख चढवून येत नाही; म्हणून ती मॅकरॉनिक नव्हे. ती ज्ञात नियमांशी खेळ मांडत नाही, नियमांच्या बाहेर जगलेले आयुष्य आत आणते. तिला भेसळ म्हणणारा समीक्षक वाल्लाच्या स्वयंपाक्याला हसणाऱ्यांत जाऊन बसतो. एखादी भाषा मिश्र आहे, एवढे सांगितल्याने तिच्याविषयी फारसे काही सांगून होत नाही. मिश्रण कोणी केले, कोणाच्या व्याकरणात केले आणि त्याला नाव कोणी दिले, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून समीक्षेतील कोणतेही विशेषण वापरू नये, हाच या एका विशेषणाच्या पाचशे वर्षांच्या इतिहासाचा धडा आहे.